चौदा नंबरचं पाकीट

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीच्या एका चष्म्याच्या दुकानात आरशासमोर मान तिरकी करून उभा होतो. उन्हात गेलं की काळ्या होणाऱ्या आणि सावलीत आलं की पुन्हा साध्या होणाऱ्या काचा घ्याव्यात की नाही, यावर दुकानदाराशी अर्धा तास चर्चा चालली होती. चर्चा म्हणजे तो काचांचे गुण सांगत होता आणि मी माझं नाक एवढं मोठं कधी झालं याचा विचार करत होतो. फोनवर दादा होता. माझा हा मोठा भाऊ फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी बोलत नाही. त्या दिवशी एकच बोलला, "अरे, ही गेली..." मी "बरं" म्हणालो. हो, "बरं"च म्हणालो, आणि दुकानातून चालायला लागलो. चौकापाशी पोचलो तर मागून दुकानातला माणूस धापा टाकत आला. "साहेब, फ्रेम! फ्रेम आमची आहे!" नमुन्याचा चष्मा तसाच माझ्या नाकावर होता आणि बाहेरच्या उन्हानं त्याच्या काचा काळ्याभोर झाल्या होत्या. मी तो काढून त्याच्या हातात दिला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे फिरला. आपण रडतोय हे मला तेव्हा कळलं.

याला आता सात आठवडे झाले. मी एका जागी बसू शकत नाही. जेवताना उठतो, फ्रीज उघडतो, आत काय बघायला आलो होतो ते आठवत नाही, बंद करतो. लिफ्टमध्ये शिरलो की हात आपोआप पाचव्या मजल्याकडे जातो, कारण पाचव्यावर दादा-वहिनी आणि दुसऱ्यावर आम्ही, अशी आमची सानपाड्यातल्या एकाच सोसायटीत पंचवीस वर्षं गेली. बायको म्हणते, "अहो, पंख्याला तरी बटण असतं. तुम्हाला कुठून बंद करू?" तिला वाटतं मला दुःख झालंय. झालंयच. पण माणूस दुःखानं एवढा फिरत नाही. तो फिरतो सांगायचं राहून गेलं की... ते काय राहिलं, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. लेखक म्हणून माझा अनुभव सोसायटीच्या नोटीस बोर्डापुरताच आहे, हे वाचकांनी समजून घ्यावं.

आमच्या सुमेधावहिनी इथल्याच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात दुसऱ्यांदा बसलो होतो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "भावजी, तुम्हाला कुठला विषय आवडतो?" मी म्हणालो, "सुट्टी." तेव्हापासून माझ्याकडून कोणतीही शास्त्रीय अपेक्षा ठेवायची नाही, असं आमच्यात न बोलता ठरलं होतं. पण समजावून सांगायची हौस दांडगी. पोळ्या लाटताना, रिक्षात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या वाटीत बोट बुडवून. त्यांचं सगळं शास्त्र सुरू व्हायचं ते त्यांच्या आईच्या जिभेपासून. सांगलीकडे त्यांच्या घरी पितळी पातेली. कल्हई उडालेल्या पातेल्यात आमसुलाचं सार किंवा ताक राहिलं, की त्यांची आई एक थेंब जिभेवर टेकवायची आणि म्हणायची, "कळकलंय. ओता." मग कितीही पाहुणे असोत, अख्खं पातेलं मोरीत. कुणी हुज्जत घालायचं नाही. "म्हणजे काय होतं भावजी, आंबटानं पितळेतलं तांबं सुटतं आणि सारात उतरतं. आईला ते एका थेंबात कळायचं. आता मला सांगा, तांबं जिभेला कळतं, पण शिसं? हलक्या कल्हईतून शिसं उतरलं, नळातून आलं, तर चव नाही, वास नाही, रंग नाही. पोराबाळांच्या अंगात जाऊन बसतं आणि घरात कुणाला पत्ता नाही." पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं ते यासाठी. आईच्या जिभेला जे कळायचं ते, आणि जे तिलाही कळलं नसतं तेसुद्धा, कागदाच्या एका पट्टीला कळावं.

त्या पट्टीत जे भरायचं होतं त्याला त्या 'माझा रेणू' म्हणायच्या. लोक माझा राजू म्हणतात तसं. हे रंग बदलणारे रेणू. मला समजावताना त्यांनी मूठ पुढे केली होती. "ही मिटलेली मूठ. काही रंग नाही. यावर जांभळा उजेड टाकला, नोटा तपासायच्या टॉर्चमधून येतो तसला, की मूठ उघडते आणि कागद जांभळा होतो. आता या उघड्या तळव्यावर तांबं येऊन बसलं की एक रंग, शिसं बसलं की दुसरा. काम झालं, साधा उजेड टाकला, की हात झटकायचा आणि पुन्हा मूठ." मी विचारलं, "आणि कुणी नाही आलं तर?" "तर तो नुसताच हात पसरून बसतो, भावजी. तुमच्यासारखा, ताट यायची वाट बघत." असे त्यांनी एकामागून एक रेणू बनवले. त्यांना नंबर होते. पाच नंबर तांब्याला आणि जस्ताला एकच रंग दाखवायचा. नऊ नंबर पाण्यात टाकला की रुसायचा. चौदा नंबर मात्र गुणी निघाला. तांब्याला नारिंगी, शिशाला गुलाबी, दुसऱ्या कुणाला दाद नाही. तो जमला त्या दिवशी वहिनी पाचव्या मजल्यावरून जिना उतरत आमच्याकडे आल्या. लिफ्टची वाट बघायला थांबल्या नाहीत. पायात दादाच्या चपला होत्या.

आता एकच सिद्ध करायचं राहिलं होतं. पट्टी स्वयंपाकघरात ठेवायची तर ती टिकली पाहिजे. उजेडात असल्या पट्ट्या दमतात, हे माहीतच होतं. अंधारात टिकतात का? दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये त्या काळ्या कागदात गुंडाळलेलं एक पाकीट घेऊन आल्या. चौदा नंबरची पूड चिमूटभरच झाली होती, तिच्यातून बनलेल्या बहुतेक सगळ्या पट्ट्या त्यात होत्या. "भावजी, हे तुमच्याकडे ठेवायचं. साध्या घरात, साध्या कपाटात, चाळीस दिवस. तुमच्याइतकं साधं घर मला शोधून सापडणार नाही. उघडायचं नाही, हलवायचं नाही, उन्हात न्यायचं नाही. हात लावायचा नाही, बस्स. तुम्हाला जमेल असं हे जगातलं एकमेव शास्त्रीय काम आहे."

मी ते अत्यंत जबाबदारीनं सगळ्यात अंधाऱ्या जागी ठेवलं. ओट्याखाली, सिंकच्या पाइपाजवळ. आणि तिसऱ्या आठवड्यात पाइप गळला.

पाकीट एका बाजूनं भिजलं होतं. त्या क्षणी पाच मजले... पाच कसले, तीनच मजले वर जाऊन "वहिनी, ओल लागली" एवढं सांगायचं होतं. पण मला बोलणी खायची नव्हती. पन्नाशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, आणि वहिनी रागावतील म्हणून घाबरला! मी गुपचूप पाकीट घेऊन गच्चीवर गेलो. तिथे जुन्या साडीवर बायकोच्या कुरडया वाळत होत्या. त्याच साडीच्या कोपऱ्यात मी एकेक पट्टी नीट मांडली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला खडे ठेवले. पाच मिनिटांत सगळ्या पट्ट्या जांभळ्या झाल्या. मुठीची ती गोष्ट मी दहा वेळा ऐकली होती, पण आठवली असती तर बी.कॉम.ला दोनदा बसलो असतो का? मला वाटलं, ओलीनं बुरशी धरली. आणि बुरशीवर उपाय काय? ऊन! तीन दिवस मी त्यांना रोज ऊन दाखवलं. बायकोनं विचारलं, "हे कागद कसले?" मी म्हटलं, "ऑफिसचे." तिसऱ्या दिवशी जांभळा रंग गेला, पट्ट्या किंचित पिवळट दिसायला लागल्या. डाग गेले म्हणून मी खूश. स्टेशनरीच्या दुकानातून नवा काळा कागद आणून पाकीट पहिल्यापेक्षाही सुबक बांधलं आणि चाळिसाव्या दिवशी वहिनींच्या हातात दिलं. "शाब्बास," त्या म्हणाल्या. मी ती शाबासकी घेतली.

पुढच्या आठवड्यात परीक्षक मंडळींपुढे प्रात्यक्षिक होतं. वहिनींनी पट्टी काढली, टॉर्च मारला. काही नाही. दुसरी, तिसरी... काहीच नाही. उन्हात दमून सगळ्या मेल्या होत्या. संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, पाणी प्यायल्या, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भावजी, पाकीट उघडलं नव्हतं ना? ओल, ऊन, काही?"

"छे!" मी म्हणालो.

एका अक्षरात माणूस किती खोटं बोलू शकतो! त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उलट बायकोला म्हणाल्या, "भावजींचं एक बरं आहे, त्यांना खोटं बोलता येत नाही." मग त्यांनी चौदा नंबर बाजूला ठेवला. अंधारातही जो टिकत नाही तो लोकांच्या घरात काय टिकणार? पाच नंबरवरच काहीबाही सुधारणा करून प्रबंध पूर्ण केला, पदवी मिळाली, आम्ही सोसायटीत पेढे वाटले. सांगायच्या संधी मला खूप आल्या. पहिल्यांदा वाटलं, दमल्यात, आत्ता नको. मग वाटलं, आता प्रबंध झालाय, कशाला? मग पेढ्यांच्या दिवशी तर शक्यच नव्हतं. पुढे पुढे मी इतकं छान विसरलो होतो की मलाच वाटायला लागलं, पाकीट खरंच उघडलं नव्हतं.

वहिनी गेल्यावर चौथ्या आठवड्यात नाझनीन आली. ही त्यांची विद्यार्थिनी. मूळची उरणकडची, आता उलव्याला राहते. वहिनींचं काम तीच पुढे नेतेय. वहिनींच्या प्रयोगवह्या घरी होत्या, त्या न्यायच्या होत्या. दादाला त्यांना हात लावणं जमेना, म्हणून मला वर बोलावलं. नाझनीन जमिनीवर बसून वह्या चाळत होती. वहिनी शेरे मराठीत लिहायच्या, बारीक, वळणदार अक्षरात. मधेच ती हसली. "काका, तुमचं नाव आहे यात! बघा ना." मी वाचलं. 'चौदा नंबर. अंधारात चाळीस दिवस. तरीही सर्व पट्ट्या मृत. साठवणीस अयोग्य. ठेवणारे: भावजी (विश्वासार्ह).'

"आता मलापण हा चौदा नंबर काढून टाकावा लागणार," नाझनीन सांगत होती. "माझे गाइड सर म्हणतात एकच रेणू निवड, सोमवारी नाव सांग. फ्रीझरमध्ये मॅडमची थोडी पूड राहिलीय, ती टाकून देणार. जीव तुटतो, काका. एवढा चांगला रंग कुणीच देत नाय. पण मॅडमनी लिहिलंय म्हटल्यावर संपलं."

मी "हं" म्हणालो. खाली आलो. गुरुवार होता. शुक्रवारभर मी घरात फिरलो. वाचकहो, आता तरी सांगून टाकायला हवं होतं की नाही? वहिनी नाहीत, रागावणारं कुणी नाही. पण तीच तर पंचाईत होती. माफ करणारंही कुणी नव्हतं. त्या रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "म्हणजे ते ऑफिसचे कागद..." ती म्हणाली. घास परत ताटात ठेवला. मग, "उद्या जा. आणि रिक्षानं जा, चालत गेलात तर वाटेतून परत याल. ओळखते मी."

शनिवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नाझनीन एकटीच होती. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेला, आत संध्याकाळ झाल्यासारखं. "चहा घेणार, काका?" "नको. त्या पट्ट्या मी उन्हात वाळवल्या." मी वाटेत तयार केलेली प्रस्तावना जागच्या जागी राहिली.

"कुठल्या पट्ट्या?"

"चौदा नंबरच्या. भिजल्या होत्या. तीन दिवस. गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी."

तिनं हातातली बाटली खाली ठेवली. "मॅडम आठ महिने त्याच्यामागे होत्या," ती म्हणाली. "आठ महिने, काका! प्रबंध लिहीत होत्या, दुसरी पूड बनवायला वेळ नव्हता, उरलेली कणभर पूड मोडवत नव्हती, तरी रोज जुने आकडे काढून बसायच्या. मला म्हणायच्या, नाझनीन, माझंच काहीतरी चुकतंय, शोध. मी शोधत होते. आणि तुमी... तुमी कुरडया वाळवत होता?"

"कुरडया बायको वाळवत होती," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोललोय, पण हे त्यांच्यात पहिलं. ती हसली नाही. पाठ फिरवून खिडकीच्या कागदाकडे बघत उभी राहिली. मी उभाच होतो, पहिल्यांदाच कुठेही न फिरता. मग तिनं फ्रीझरमधून एक गडद बाटली काढली. तळाशी कणभर पूड. मला जा असं ती म्हणत नव्हती. द्रावण केलं, कागदाच्या पट्ट्या बुडवल्या, वाळवल्या. तासाभरानं एका पट्टीवर टॉर्च मारला. कागद जांभळा झाला. काचेच्या नळीनं एक थेंब सोडला. "शिसं," ती म्हणाली. थेंबाच्या कडेनं गुलाबी रंग चढत गेला, लहान मुलाच्या गालासारखा. दोन वर्षांपूर्वी चार माणसांपुढे वहिनींच्या हातात हे व्हायचं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"लिहा," नाझनीननं वही पुढे केली. "काय झालं ते सगळं. वहीत खोडायचं नसतं, पान फाडायचं नसतं. चुकीच्या ओळीवर एक रेघ, खाली खरं ते, आणि सही." मी 'अंधारात चाळीस दिवस' यावर रेघ मारली. खाली लिहिलं, पाइप गळला, गच्ची, तीन दिवस, साधारण दहा ते चार, मी खोटं सांगितलं. मग पेन 'विश्वासार्ह' या शब्दाकडे नेलं. तिनं माझं मनगट धरलं.

"त्याला नाय. ते मॅडमचं मत आहे. त्याला तुमी हात लावायचा नाय."

मी सही केली. तिनं तोवर उरलेल्या पट्ट्या काळ्या कागदात बांधल्या होत्या. "सरांना मी सांगते चाळीस दिवस थांबा. ऐकतील की नाय माहीत नाय, पण सांगते." आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. मी दोन पावलं मागे सरकलो. "अगं, दुसऱ्या कुणाकडे दे! तुझ्या घरी ठेव, उलव्याला."

"वहीत ठेवणाऱ्याचं नाव आहे, काका. नाव बदललं तर प्रयोग बदलतो." जरा थांबून म्हणाली, "तीच जागा. ओट्याखाली. आणि या वेळी काही झालं तर मला फोन करायचा. कितीपण वाईट झालं तरी."

पाइप मी त्याच संध्याकाळी नवा बसवून घेतला. प्लंबरनं विचारलं, "जुना चांगला आहे की, कशाला बदलताय?" मी त्याला काही सांगितलं नाही, बायकोनं सगळं सांगितलं. आता सोसायटीत येताजाता लोक विचारतात, "काय, कितवा दिवस?" परवा दादा खाली आला. थेट स्वयंपाकघरात गेला, ओट्यासमोर उभा राहिला, बंद दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "आत आहे?" "आहे." मग चहा न घेता वर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला.

आज एकोणिसावा दिवस. चाळिसाव्या दिवशी पट्टी जांभळी होईल की नाही, मला माहीत नाही. कदाचित खरंच अंधारातही मरत असेल, आणि वहिनींचा शेरा बरोबरच ठरेल. नाझनीन म्हणते, तेही चालेल, फक्त खरं कळू दे. मी अजून फिरतोच आहे, पण आता फेऱ्या घरभर होत नाहीत, स्वयंपाकघरातच होतात. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, दिवा न लावता मी ओट्याखालचं दार जेमतेम हात जाईल एवढं उघडतो. पाकिटाला शिवत नाही. पाइपाच्या खालून, फळीच्या कडेनं, हात फिरवतो आणि बोटं एकमेकांवर घासून बघतो.

आज कोरडं होतं. दार लावलं.